जुलाबाची म्हणजे कुठली गोळी

चमचा अजून माझ्या हातातच होता. लेकीने शेवटचं गिळलं, तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली, आणि तेवढ्यात फोनवर काकूंचा व्हॉइस मेसेज आला. तिला कडेवर धरूनच मी तो लावला.

"अगं, लेटरबॉक्सवर ठेवलीय हं गोळी. झोपताना एकच घे, कोमट पाण्याबरोबर. सकाळी बघ कसा कोठा साफ होतो. मलाही बाळंतपणानंतर असंच व्हायचं, नुसता खडा."

मी परत लावला. कोठा साफ होतो. परत लावला. तेच.

माझ्या लेकीला पहाटेपासून पाण्यासारखं होत होतं. मला थांबायची गोळी हवी होती आणि मी तिला व्हायची गोळी दिली होती. दीड वर्षाच्या पोरीला. साखरेत खलून, वर लाडाने, "आ कर, आ कर" म्हणत.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. वाटलं, ओकून काढेल. तर ती मला चावली आणि अशी रडायला लागली की मीच बोट काढलं. मग सिंकपाशी उभी राहिले, तिला पाणी पाजलं, मग वाटलं पाण्याने उलट लवकर विरघळेल का, मग पाणी बंद केलं. काय करत होते माझं मलाच कळत नव्हतं.

काकूंचा काही दोष नाही, हे आधीच सांगते. त्या मागच्या गल्लीतल्या. पुण्याच्या. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून आल्या आणि विमानं बंद झाली, तशा इथेच परदेशात, आमच्या पॉइंट कुकला अडकल्या. आपल्या मराठी बायकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यात त्या रोज कुणाला ना कुणाला काहीतरी द्यायच्या. कढीपत्ता, ओवा, बाळाची टोपी. त्या दिवशी सकाळी मी ग्रुपवर टाकलं, "कोणाकडे जुलाबाची गोळी आहे का? अर्जंट." कोणासाठी ते लिहिलं नाही. पोरीला पहाटेपासून होतंय म्हटलं असतं तर सगळ्या विचारत बसल्या असत्या, टेस्ट केली का, ताप आहे का. टीव्हीवर सांगत होते की पोट बिघडणं हेसुद्धा कोरोनाचं असू शकतं, काही लक्षण असलं तर घराबाहेर पडू नका. म्हणजे केमिस्टकडे जायचंही वांधं. तसं गेले असते तरी कशी, गाडी मला चालवता येत नाही आणि केमिस्ट शॉपिंग सेंटरला, चालत जायचं म्हणजे पोरीला कुठे ठेवू. आमचे हे कोल्ड स्टोरेजला कामाला. शिफ्टला गेले की फोन लॉकरमध्ये.

आणि शब्द. तो शब्दच नडला मला. आमच्या गावाकडे सरळ म्हणतात, हगवण लागलीय. पण ग्रुपवर सगळ्या शिकलेल्या, कोणी आयटीत, कोणी बँकेत. मी नववीपर्यंत. हगवण कशी लिहू त्यांच्यात? म्हणून चांगला शब्द लिहिला, जुलाब. काकूंच्या पिढीत जुलाब घेतात. महिन्यातून एकदा, पोट साफ व्हायला. त्यांनी तेच दिलं.

मी ह्यांना फोन लावला. लागला नाही. मग काकूंना.

"काकू, ती गोळी कसली होती?"

"जुलाबाची. तीच मागितलीस ना?"

"अहो, जुलाब थांबायची हवी होती मला!"

"मग थांबायची म्हणायचं ना गं! जुलाबाची म्हटल्यावर जुलाब व्हायचीच देणार ना मी. अगोबाई, घेतलीस का? आता दिवसभर पळशील बघ." आणि त्या हसल्या.

माझ्या कडेवर लेक कळवळून रडली. त्यांचं हसणं थांबलं.

"कोणाला दिलीस?"

"काकू, गोळीचं नाव काय?"

"पट्टीवर असेल की."

पट्टीवर नव्हतं. पुण्याहून आणलेली पट्टी, काकूंनी कात्रीने अर्धी कापून दिलेली, नाव दुसऱ्या अर्ध्यात गेलेलं. माझ्याकडच्या तुकड्यावर मागे नुसती दोन अक्षरं आणि तांबडी रेघ. "दुसरा तुकडा आहे माझ्याकडे," काकू म्हणाल्या, "चष्मा शोधते," आणि फोन ठेवून दिला.

फ्रिजवर एक मॅग्नेट होता. बाळ झाल्यावर घरी आलेल्या नर्सने दिलेला. मुलाने काही विषारी खाल्लं तर ह्या नंबरवर फोन करा. मी त्याच्यासमोर किती वेळ उभी राहिले. कारण ह्यांच्या कामावरच्या एकाने सांगितलेलं, इथे जरा काही झालं तर मुलं काढून नेतात. चापट मारली तरी येतात म्हणे घरी. खरं होतं की खोटं, मला काय माहीत, पण पोर हातात असताना असलं ऐकलेलं सगळं खरंच वाटतं. पोरीने तेवढ्यात पुन्हा केली. नॅपीच्या बाजूने सगळं माझ्या गाऊनवर आलं. तिचे ओठ कसे सुकल्यासारखे दिसत होते. मी नंबर दाबला.

एक बाई इंग्लिशमध्ये बोलली. मी म्हटलं, "माय बेबी, टॅबलेट, राँग टॅबलेट." ती हळूहळू विचारायला लागली, मला निम्मं कळेना. मग म्हणाली, "इंटरप्रिटर? हिंदी?" मी म्हटलं यस यस. मग नुसतं म्युझिक. पोर रडतेय, फोनमध्ये म्युझिक वाजतंय, आणि मी ह्या खोलीतून त्या खोलीत. शेवटी दुसरी एक बाई आली, आपल्यातली, हिंदी बोलणारी. नर्स जे बोलायची ते ती हिंदीत सांगायची, आणि माझं तिला इंग्लिशमध्ये.

"बच्ची को क्या हुआ है?"

"उसको जुलाब हो रहा है."

"जुलाब दिया है आपने?"

"नहीं, हो रहा है!"

"अच्छा, दस्त." आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. हिंदीत आजाराला दस्त आणि औषधाला जुलाब. दोन वेगळे शब्द आहेत त्यांच्याकडे. आपण दोन्हीला एकच म्हणतो.

"और गोली किसने दी?"

आणि मी म्हणाले, "उसने खुद खा ली. नीचे पड़ी थी."

का म्हणाले? तोंडातून निघून गेलं. मुलं काढून नेतात एवढंच डोक्यात होतं. त्या बाईने तसंच्या तसं इंग्लिशमध्ये सांगितलं. नर्सने काहीतरी विचारलं, जरा घाईने.

"पूछ रही हैं, पत्ते में से कितनी गोलियाँ कम हैं?"

मी पट्टी बघितली. चार कप्पे रिकामे. त्यातली मी एकच काढलेली, तिचाही पाव तुकडा दिलेला, पाऊण ओट्यावर वाटीत पडलेली. बाकीच्या तीन काकूंनी कधीतरी खाल्लेल्या. पण आता पोरीने स्वतः खाल्लं म्हटल्यावर काय सांगू?

"चार," मी म्हणाले.

तिकडे आवाज बदलला. की-बोर्डचा आवाज यायला लागला.

"बहनजी, बच्ची ने चार खाई हैं ऐसा मानना पड़ेगा. पता बताइए. एम्बुलेंस भेज रहे हैं."

अॅम्ब्युलन्स म्हणजे हॉस्पिटल, आणि हॉस्पिटल म्हणजे त्या दिवसांत काय वाटायचं ते तुम्हाला आठवत असेल. एकालाच आत सोडतात, पोरीला वेगळ्या खोलीत ठेवतील, नाकात काडी घालतील, सलाइन लावतील, चार गोळ्यांचं औषध देतील तिला. न खाल्लेल्या चार गोळ्यांचं. मी एक वाचवायला गेले आणि भलतंच होऊन बसलं.

तेवढ्यात बाहेरून हाक. "अगं ए! दार उघड!"

काकू ड्राइव्हवेवर उभ्या. साडी, वर मुलाचं फुगीर जॅकेट, मास्क हनुवटीवर, चष्मा डोक्यावर. हातात पट्टीचा दुसरा तुकडा. धापा टाकत होत्या. मी दारात, त्या लेटरबॉक्सपाशी, जवळ यायची दोघींचीही हिंमत नाही. मी फोन स्पीकरवर टाकला. काकूंनी चष्मा खाली घेतला आणि मोठ्याने एकेक अक्षर वाचायला लागल्या, "बी... आय... एस... एस फॉर सीताफळ!" फोनमधली बाई म्हणाली, "एस फॉर?" काकू म्हणाल्या, "सीताफळ, सीताफळ!" समोरच्या घराचा पडदा हलला.

नाव नर्सला कळलं. मग तिने पुन्हा विचारलं, चारच का, नक्की? बाईने हिंदीत विचारलं आणि ते काकूंना ऐकू गेलं.

"चार कशा? तीन मी घेतल्यात! आय टेक! थ्री आय टेक, माय मोशन!" काकू लेटरबॉक्सपासून ओरडल्या. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, "पोरीला दिलीस?"

काकू माझ्याकडे बघतायत. पोर खांद्यावर हुंदके देतेय. आता तिने स्वतः एक खाल्ली म्हणता आलं असतं. एकच. चारपेक्षा बरं. पण एक म्हणजे पावाच्या चौपट, आणि औषध त्याच हिशेबाने ठरणार, हे माझ्या नववी पास डोक्यालाही कळत होतं.

"मैंने दिया," मी म्हणाले. "चम्मच से. चौथा हिस्सा, शक्कर में. मुझे लगा दस्त रोकने की है. मैंने झूठ बोला."

बाईने ते इंग्लिशमध्ये सांगितलं. किती छोटं वाटलं इंग्लिशमध्ये. मग की-बोर्ड वाजला. कितीतरी वेळ नुसता की-बोर्ड. मला वाटलं, लिहितायत. माझं नाव लिहितायत.

मग नर्स बोलली, आणि बाई म्हणाली, "कह रही हैं, सच बताया अच्छा किया. अभी एम्बुलेंस की ज़रूरत नहीं. पेट में मरोड़ होगी, दस्त बढ़ेंगे. नमक-चीनी वाला घोल थोड़ा-थोड़ा पिलाते रहिए. पेशाब हो रहा है कि नहीं, यह देखिए. सुस्त पड़ जाए, पेशाब बंद हो, खून दिखे, तो तुरंत ट्रिपल ज़ीरो पर फ़ोन, एम्बुलेंस के लिए." आणि शेवटी, "यह भी कह रही हैं कि जो गोली आप चाहती थीं, दस्त रोकने वाली, वो होती तो अब तक एम्बुलेंस निकल चुकी होती. छोटे बच्चे को वो कभी मत दीजिए."

मी दारातच खाली बसले. चुकीची गोळी मिळाली म्हणून वाचली ती. बरोबर मिळाली असती तर?

आता ती प्रेपला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात, जाते. मी हे कोणाला सांगायला लागले की म्हणते, "मम्मा, स्टॉप टॉकिंग अबाउट माय पू." पण तो दिवस तिला माहीत नाही. पोट धरून कळवळायची, पाय पोटाशी घ्यायची, दर थोड्या वेळाने नॅपी. मी चमच्या-चमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजत होते. काकू घरी गेल्या नाहीत, फुटपाथवर येरझारा घालत राहिल्या आणि मधूनमधून ओरडून विचारायच्या, "घेतेय का गं? घेतेय का?" शेवटी त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला, म्हणाला, "आई, पोलिसांनी बघितलं तर फाइन लागेल." काकू त्याला म्हणाल्या, "लागू दे मेल्या."

हे संध्याकाळी आले. सगळं ऐकलं. पोर त्यांच्या छातीवर झोपलेली, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "फोन केलास ते ठीक. पण मी दिली म्हणून कशाला सांगितलंस? पडलेली खाल्ली, एकच खाल्ली म्हणायचं. आता नाव लागलं ना आपलं."

"मग औषध चुकीचं दिलं असतं."

"अगं, औषध कुठे दिलं त्यांनी?"



सकाळ झाली. रात्रीत दोनदा झाली होती तिला. पण मला एक कळेना. इतकं पातळ होत होतं की शू झालीय का नुसतीच शी ते ओळखू येईना, नॅपीत सगळं एकच. पेशाब बघा म्हणाले होते, पण बघू कशात? ती पडून होती, बोट चोखत, माझ्याकडे बघत. दमलेली होती की सुस्त होती, ह्यातला फरक कसा ओळखायचा, हे कोणाला विचारू, असं मनात चाललं होतं आणि फोन वाजला. स्क्रीनवर नंबर नाही. नो कॉलर आयडी. इथे हॉस्पिटलचा आला तरी तसाच येतो, आणि सरकारी ऑफिसचा आला तरी तसाच.

हे दाढी करता करता बाहेर आले. फोनकडे बघितलं. "उचलू नको," म्हणाले. "बरी आहे ती. दिसतेय ना बरी?"

फोन वाजत होता. पोर माझ्या मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. उचलला तर कदाचित शूचं विचारता येईल, आणि कदाचित दुसरंच कोणी बोलेल, पत्ता नीट सांगा, आम्ही येतोय म्हणून. नाही उचलला तर ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती बरीच आहे.

तुम्ही आई असाल, नसाल, शिकलेल्या असाल. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?