लवंगेचं तेल तळाशी बसतं

दादाचा फोन आला तेव्हा मी धायरीच्या घरी आमटीला फोडणी देत होते. "मंजू, सुनंदा गेली," तो म्हणाला. सकाळचा चहा झाला, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोहोचायच्या आत सगळं संपलं... गॅस बंद करायचं भान मला राहिलं नाही. मोहरी जळली, मग कढीपत्ता जळला, घरभर धूर झाला. आणि खरं सांगते, त्या धुरात माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा वास कसा येतोय ते वहिनीला फोन करून सांगायला हवं. गेली काही वर्षं मी तेच तर करत आले होते.

सुनंदावहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरीही तिचा आवाज फळ्यासमोर उभं असल्यासारखाच असायचा. मला तिचा धाक होता, आणि त्याहून जास्त तिच्या हातच्या काळ्या मसाल्याचा लोभ होता. दर उन्हाळ्यात कोथरूडच्या त्यांच्या छोट्या स्वयंपाकघरात ती आमच्या सगळ्या नातेवाइकांचा मसाला करायची. धणे, खोबरं, दगडफूल, लवंग, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. घड्याळ नाही, मोजमाप नाही. कढईवर जरा वाकायची, नाक पुढे करायची आणि म्हणायची, "झालं, उतरव." मी एकदा विचारलं, कळतं कसं? तर म्हणाली, "मसाला नाकाने भाजतात. डोळ्यांनी भाजणाऱ्यांचा कडू होतो." हे बोलताना तिने माझ्याच कढईकडे पाहिलं होतं.

मग एका तापात तिला वास येईनासा झाला. ताप उतरला, अशक्तपणा गेला, पण नाक काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, रोज ठरवून तीव्र वास घेत राहा, कदाचित येईल... कदाचित नाही. त्या उन्हाळ्यात वहिनीने मसाला केला आणि खोबरं करपलं. तिला कळलंच नाही. दादाने जेवताना आमटीची वाटी हळूच बाजूला सरकवली, आणि त्यावरूनच ती काय ते समजली. सगळा मसाला तिने टाकून दिला. मी गेले तेव्हा ती रिकामा डबा पुसत होती आणि रडत होती. मी तिला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "मंजू, आता मी स्वयंपाक करत नाही गं," ती म्हणाली, "नुसतं शिजवते."

त्यानंतर पुढच्याच खेपेला गेले तर तिच्या ओट्यावर एक अजब यंत्र उभं होतं. जुना कुकर, त्याची शिट्टी काढून तिथे बसवलेली नळी, ती नळी बर्फाच्या पाण्याच्या बादलीतून फिरून पलीकडे बाहेर आलेली, आणि तिच्या तोंडाशी तळाला तोटी असलेलं काचेचं नरसाळं. कुकरमध्ये पाणी, पाण्याच्या वर जाळी, जाळीवर भरड कुटलेलं जिरं. खालून वाफ उठणार, जिऱ्यातलं तेल बरोबर घेऊन नळीत शिरणार, बादलीत थंड होऊन थेंबाथेंबाने नरसाळ्यात पडणार. "मुलांना वर्षानुवर्षं ही आकृती काढायला लावली," ती म्हणाली, "प्रत्यक्षात कधी केलं नव्हतं." विकतच्या तेलावर तिचा विश्वास नव्हता. वास घ्यायचाच तर अस्सल घ्यायचा, आणि एवढासा नाही, पसाभर जिऱ्याचा वास एका थेंबात गोळा करून घ्यायचा. एवढ्या जोरात दार ठोठावल्यावर आत कुणी असेल तर ओ देईलच, असा तिचा हिशेब होता. दादा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला, "घर आहे की काढ्याचा कारखाना?" वहिनी म्हणाली, "कारखान्यात रिकामं बसून चालत नाही. बर्फ आणा."

पण तेल अस्सल उतरलंय की नाही हे तिला कसं कळणार? त्यासाठी मी. धायरीहून बस पकडून मी वास घ्यायला जायचे. पहिल्यांदा बाटली नाकाशी धरून मी म्हटलं, "छान येतोय." वहिनीने चष्म्यावरून पाहिलं. "छान हा शेरा रांगोळीला द्यायचा असतो. कसा येतोय ते सांग." मग मी शिकत गेले. जिऱ्याचा वास, मठ्ठ्याचं भांडं रिकामं झाल्यावर तळाशी राहतो तसा. ओव्याचा, बाळंतिणीच्या खोलीसारखा. वेलचीचा, थंड... दिवाळीत डबा उघडल्यावर लाडवाआधी जो नाकात शिरतो तो. ती डोळे मिटून ऐकायची. कधी म्हणायची, "आठवला." कधी नुसती मान हलवायची, आणि मग मला पुन्हा वास घेऊन पुन्हा सांगावं लागायचं. पुढे पुढे मला ती सवयच लागली. घरी असले तरी फोन करायचे, वहिनी, खाली कुणीतरी बोंबील भाजतंय. "ओले की सुके?" ती विचारायची.

लवंगेच्या दिवशी मात्र आमची फजिती झाली. जिऱ्याचं, ओव्याचं तेल पाण्यावर तरंगायचं. म्हणून नरसाळं निवळलं की तळाची तोटी उघडून खालचं पाणी मोरीत सोडायचं आणि वर उरलेलं तेल बाटलीत घ्यायचं, हा आमचा शिरस्ता होता. त्या दिवशीही वहिनीने सराईतपणे तोटी उघडली, खालचं सोडून दिलं, वरचं जपून बाटलीत भरलं आणि बाटली माझ्यापुढे धरली. मी हुंगलं. पुन्हा हुंगलं. "वहिनी, बाटलीत फारसा काही वास नाही. मोरीत आहे." ती मोरीकडे बघतच राहिली. लवंगेचं तेल पाण्याहून जड. ते तळाशी बसतं. आमची दुपारभराची कमाई आम्हीच भक्तिभावाने मोरीला वाहिली होती. "जन्मभर पोरांना शिकवलं, तेल पाण्यावर तरंगतं," वहिनी म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता ओट्याला टेकली. तापानंतर ती पहिल्यांदाच तशी हसली. पुढे कितीतरी दिवस त्या मोरीला लवंगेचा वास येत होता. येणारा-जाणारा म्हणायचा, घरात कुणाची दाढ दुखतेय का? घरात फक्त वहिनीलाच तो येत नव्हता.

महिने गेले. बाटल्या वाढत गेल्या, नाक ढिम्म. एकदा मला सणसणीत सर्दी झालेली असताना तिने बोलावलं. मी म्हटलं, आज माझं नाक तुझ्यापेक्षा निरुपयोगी आहे. "ये तरी," ती म्हणाली, "नाक नसलेल्या दोघी मिळून जिरं उकळू." कुकर चढवला आणि आम्ही बाहेर बोलत बसलो. बोलता बोलता ती थांबली. कुणी हाक मारल्यावर मान वळवावी तशी तिने मान वळवली.

"मंजू, करपतंय."

"काय करपतंय?"

"अगं, जिरं करपतंय!"

आम्ही धावलो. कुकरमधलं पाणी संपलं होतं, जाळी कलंडून जिरं तळाला लागलं होतं आणि काळा धूर निघत होता. मला तो दिसत होता, पण वास कणभरही नव्हता. तो तिला आला होता, दुसऱ्या खोलीत! गॅस बंद करून तिने त्या कुकरवर वाकून असा काही श्वास घेतला की मी घाबरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने की कशाने, मी विचारलं नाही. "कसा येतोय गं?" मी म्हटलं. आजवर तो प्रश्न तिचा होता. ती म्हणाली, "घाणेरडा! अगदी घाणेरडा येतोय!" आणि तिने मला मिठी मारली.

सगळे वास काही परत आले नाहीत. ओवा आला, लवंग आली, धणे येऊन-जाऊन असायचे. वेलची शेवटपर्यंत आली नाही. पण गेल्या उन्हाळ्यात तिने पुन्हा कढई चढवली. जे तिला येत नव्हते ते वास मी सांगत होते, जे येत होते ते ती मला सांगू देत नव्हती. मसाला तिच्या हातचा झाला. अगदी तिच्याच हातचा.

वहिनीचा जलदानविधी झाला, पाहुणे पांगले. नंतर काही दिवसांनी दादाचा फोन आला. म्हणाला, "मंजू, घरातला वास जायला लागलाय गं." ज्या वासाला तो काढ्याचा कारखाना म्हणायचा तोच. मी गेले. त्याने डब्यातली लवंग काढून कुटून ठेवली होती. तळाला काळा डाग पडलेला तोच कुकर त्याने घासूनपुसून मांडला होता, बर्फही आणून ठेवला होता. आम्ही दोघं स्टुलं घेऊन बसलो. थेंब पडत राहिले. नरसाळं हळूहळू निवळलं आणि पिवळट तेल तळाशी गोळा झालं... दादा उठला. इतकी वर्षं वर्तमानपत्राच्या आडून त्याने जे पाहिलं होतं, तसंच त्याने नरसाळं मोरीवर धरलं, तळाच्या तोटीला हात घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आधी खालचं पाणी सोडायचं, हो ना?"

मला सांगता आलं असतं.

"हो," मी म्हटलं, "सोड."