रिसोड आवृत्ती

तमाम रसिकजनांस, तसेच संगीतातले ज्यांना काही कळत नाही अशा नातेवाइकांसही, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की त्या जगप्रसिद्ध इंग्रजी जोड-अल्बमची आणखी एक नवी आवृत्ती बाजारात आली असून प्रस्तुत लेखकाने ती विकत घेतली आहे. घरात यामुळे दुखवट्याचे वातावरण आहे.

दोन तबकड्या, चार बाजू, गिटार-ड्रमवाली पोरं आणि त्यांच्या मागे वऱ्हाडाएवढा व्हायोलिनवाल्यांचा ताफा, असा तो अल्बम. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला निघाला आणि तेव्हापासून निघतोच आहे. कॅसेट आली; तीत मावेनात म्हणून गाणी कापलेली. सीडी आली. मग धुऊनपुसून चकचकीत केलेली सीडी आली. मग वर्धापनदिनाची जाडजूड पेटी. तिच्यात त्यांनी त्या काळी टाकून दिलेली गाणी परत आणून वाढली होती, सणाच्या दुसऱ्या दिवशी पोळ्या वाढतात तशी. आता पुन्हा मोठी तबकडी, पण जांभळी आणि वजनदार. प्रत्येकीवर छापलेलं असतं की हाच खरा मूळ आवाज. मी प्रत्येक घेतो, तिसरी बाजू लावतो, शेवटच्या सुरापर्यंत कान टवकारून बसतो, आणि दरवेळी निकाल तोच: स्वच्छ, सुंदर आणि साफ चुकीची. खरी आवृत्ती रिसोडला निघाली, आमच्या घराच्या टिनाच्या छपरावर. ती काढली माझ्या ताईनं.

तेव्हा आमचा तालुका अकोला जिल्ह्यात होता. वाशिम जिल्हा व्हायचा होता. बाबा शाळेत मास्तर. शेजारी लाउडस्पीकरवाले चाचा. लग्न कोणाचंही असो, भोंगा चाचांचा. रेकॉर्ड वाजवायचं मशीन ते अंगणात बाजेवर ठेवून तपासायचे, त्यामुळे आमच्या भिंतीअलीकडे बारा महिने लग्नसराई. दिवाळीला आमचा जहाजावर नोकरी करणारा मामेभाऊ अकोल्याहून आला, तो हा अल्बम काखेत मारून. चाचांनी कव्हर पुस्तकासारखं उघडलं, आत दोन तबकड्या बघितल्या, आणि चारही बाजू ऐकून झाल्यावर म्हणाले, "बेटा, हे गानं नाही. ही अख्खी बारात आहे."

ताईला तिसरी बाजू चढली. त्या बाजूला गाणी एकमेकांत गुंफलेली होती, मध्ये थांबणं नाही. आणि शेवटी सगळे व्हायोलिनवाले मिळून असे काही वर चढत जायचे की बसलेला माणूस उठून उभा राहावा. ताई खरोखरच उभी राहिली. शब्द तिला एक कळत नव्हता. मला कळत होते असं मी सांगायचो आणि मनानंच अर्थ लावायचो. सुट्टी संपली तसा मामेभाऊ अल्बम काखेत मारून अकोल्याला परत गेला.

हिवाळ्यात तिचं लग्न तालुक्यातल्याच केनवडच्या मुलाशी ठरलं, उन्हाळ्यातलं. आता आमच्याकडे पाठवणीला पोरीनं रडायचं असतं. नुसतं डोळे पुसून भागत नाही. आईच्या गळ्यात, आत्याच्या गळ्यात, मग शेजारणींच्या, असं क्रमानं आणि ऐकू येईल असं रडावं लागतं. न रडणाऱ्या पोट्टीबद्दल पुढे दहा वर्षं बोललं जातं. ताईनं जाहीर केलं, "मी रडनार नाही."

आई म्हणाली, "लोकं काय म्हनतील?"

"काहून रडू? केनवड का विलायतेत आहे? मी आपल्या पायानं, मान वर करून जीपपर्यंत जाईन. अन् ते तिसऱ्या बाजूचं वाजलं पायजे. ते वाजलं की मले रडू येत नाही."

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. म्हणजे इतर वेळी रडू येत होतं. बाबांना ते ऐकू गेलं असावं. ते चष्मा पुसत बसले. आत्या मात्र म्हणाली, "बघू ना, कशी नाही रडत ते."

ताईनं मामेभावाला निरोप धाडला: आहेरात भांडी नको, तो अल्बम पाहिजे. लग्नाला आठवडा राहिला असताना त्यानं जहाजावर परत जाता जाता तो ओळखीच्या ड्रायव्हरच्या हवाली केला आणि एस.टी.नं पाठवला.

त्या ड्रायव्हरच्या सज्जनपणाबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. स्टँडवर पार्सल माझ्या हातात देताना त्याचा चेहरा समाधानानं फुलला होता. "नाजूक वस्तू आहे म्हने. टपावर नाही टाकली, कोनाचा हात नाही लागू देल्ला. माह्या बाजूलेच बसवली, बोनटवर."

जुन्या गाडीचं बोनट ड्रायव्हरच्या शेजारी, आतच असायचं, खाली इंजिन. तो मानाचा पाट होता. तिथं तलाठ्याची बॅग बसायची, पाहुण्यांचे पेढे बसायचे. अकोला, पातूर, आमच्याकडचं मालेगाव करत भर मे महिन्यात आमचा अल्बम त्या मानाच्या पाटावर भाजत आला होता. वरची तबकडी जराशी वाकली होती. खालची, म्हणजे नेमकी तिसऱ्या बाजूची, भाकरीसारखी टम्म फुगून वर आली होती.

चाचांनी ती डोळ्यांसमोर आडवी धरली आणि मशीनकडे नेलीसुद्धा नाही. "ये तो गई, बेटा. मी सनई लावतो. सनई शुभ असते."

मला वाटलं, ताई आता रडते. ती तबकडीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चाचा, पापड वाळताना वाकडा झाला तर काय करता?"

"खाऊन टाकतो."

"तुमी खाता. बायका नाही टाकून देत. ऊन असतानाच, नरम आहे तोवर एकावर एक रचतात अन् वर वजन ठेवतात. गार झाला की सरळ होतो."

दुसऱ्या दिवशी बाबांच्या कपाटाच्या दोन्ही काचा निघाल्या. पुस्तकं उघड्यावर आली. बाबांनी त्यांवर जुनं वर्तमानपत्र पांघरलं. दोन काचांच्या मध्ये तबकडी घालून ताई शिडीनं टिनावर चढली. तिथं एका बाजूला लग्नाच्या कुरडया वाळत होत्या, दुसऱ्या बाजूला इंग्रजी व्हायोलिनवाले. समोरच्या काकूनं आपल्या माडीवरून विचारलं, "काहून वं, हे काळे पापड कायचे?"

"उडदाचे. सालासकट," ताई म्हणाली.

"मंग मलेबी दे दोन, चाखाले."

पहिल्या दिवशी ऊन कमी पडलं आणि तबकडी जशीच्या तशी राहिली. ही पहिली आवृत्ती. दुसऱ्या दिवशी ऊन जास्त झालं, काच घसरली आणि एका कडेला करंजीसारखी मुरड पडली. ही दुसरी. आई म्हणाली, हळदीच्या अंगानं पोरगी टिनावर चढते, हे कोणत्या गावात असतं. ताई तिसऱ्यांदा चढली. या वेळी तापलेल्या काचा फडक्यात धरून ती झपाट्यानं खाली आली, मी तयार ठेवलेली जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, वर ठेवली, आणि गार होईपर्यंत ताई तळीवर मांडी घालून बसली. नवरीमुलगी जात्यावर बसलेली बघून आत्यानं कपाळाला हात लावला. "हिच्या सासरी काय सांगाव?"

"सांग, बसल्या बसल्या पापड करते."

संध्याकाळी चाचांनी तबकडी मशीनवर चढवली. कडेची मुरड दबली होती, पण एक लाट उरलीच होती. दर फेऱ्याला सुईचा हात नाव हलावी तसा वरखाली व्हायचा आणि उडी मारायचा. चाचांनी चार आण्याचं नाणं काढून त्या हातावर चिकटवलं. सुई उडायची थांबली. त्यांनी भोंगा जोडला नव्हता, त्यामुळे आम्हाला सुईखालची बारीक कुजबुज तेवढी ऐकू आली. कान लावून ते म्हणाले, "चालेल. जरा लंगडेल."

"लंगडू द्या," ताई म्हणाली. "थांबाले नको फक्त."

लग्न सकाळी लागलं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, पंगती उठल्या. चाचांचा भोंगा निंबाच्या झाडावर बांधलेला, सकाळपासून त्यावर भीमगीतं चाललेली. दुपार कलली तशी केनवडची जीप दाराशी लागली. बायकांनी पदर सावरले. आई तर सकाळपासूनच तयार होती. आत्या ताईच्या शेजारून चालत होती आणि मला ऐकू येईल अशा आवाजात तिच्या कानात म्हणत होती, "रड ना वं थोडीशी. माह्यासाठी रड."

ताईनं चाचांकडे बघून मान हलवली. चाचांनी तिसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर सुई टेकवली.

व्हायोलिनं वर चढू लागली. आणि त्या एका लाटेपाशी, दर फेऱ्याला, सगळा ताफा एकदम घसरायचा, कापायचा आणि पुन्हा सावरून चढायचा. भोंग्यातून ते लंगडणं राहिलंच नव्हतं. तो हुंदका होता. पाठीमागे उंच आवाजात गाणाऱ्यांचा घोळका तर चक्क उमाळे देत होता. आधी समोरची काकू फुटली. मग आत्या. मग आईला कोणी तरी धरलं. बाबा कनातीच्या खांबाला धरून उभे होते आणि चष्मा हातात होता. चाचा नाण्यावर बोट धरून बसले होते, आणि त्यांचंही नाक वाहत होतं.

ताई मान वर करून, कोरड्या डोळ्यांनी, सगळ्यांच्या गळ्यांना चुकवत जीपपर्यंत गेली. तिनं पायरीवर पाय ठेवला. कोणी तरी म्हणायला हवं होतं की पोट्टी रडली नाही. पण ते म्हणायला एकही बाई शुद्धीवर नव्हती.

जीपमध्ये पुढच्या सीटवर नवरदेवाचे आजोबा मघापासून भोंग्याकडे बघत बसले होते. त्यांनी बाहेर डोकं काढलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अबे, त्या भोंग्यातल्या बाईले कोनीतरी पानी पाजा. लगन आमच्या सुनेचं, अन् रडून ते राह्यली."