पाणी कुठलं?

"पाणी कुठलं?"

कुणाच्याही घरी गेल्यावर आमच्या डॉक्टरबाईंचं पहिलं वाक्य हे. नमस्कार नंतर. यजमानीण मोठ्या हौसेने पेला पुढे करायची. बाई तो उजेडाकडे धरायच्या, नाकाजवळ न्यायच्या आणि हा प्रश्न टाकायच्या. वसाहतीत नव्याने बदलून आलेल्या बायका हमखास दुखावायच्या आणि आम्ही जुन्या झालेल्या तोंडाला पदर लावून मजा बघायचो.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. माझ्या यजमानांची कलकत्त्याला बदली झाली आणि गार्डन रीचच्या एका सरकारी वसाहतीत आम्हाला घर मिळालं. तिथल्या दवाखान्याच्या डॉक्टर म्हणजे या बाई. घराणं मराठी, पण आजोबांपासून कलकत्त्यात. मराठी अगदी स्वच्छ बोलायच्या, पण रागावल्या की बंगालीत शिरायच्या. अंगाने भरभक्कम, सुती साडी कायम चुरगळलेली. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं एकीने धीर करून विचारलंच. तर म्हणाल्या, बघायला आलेल्यांच्या घरच्या पाण्याची चौकशी करायचे, ते चहा न घेताच उठून जायचे.

खाण्याची मात्र भारी हौस. एस्प्लनेडला खरेदीला गेलो की बाईंना फुचका हवाच. फुचका म्हणजे आपली पाणीपुरी. पण पिशवीतून उकळलेल्या पाण्याची बाटली निघायची आणि फुचकेवाल्याला त्या पाण्यात चिंच कोळायला लागायची. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे पुढे तो फुचकेवालाच बाईंना लांबून पाहिलं की रिकामं भांडं पुसून ठेवायला लागला.

दवाखान्यात त्या दुखणं विचारायच्याच नाहीत. आधी पत्ता विचारायच्या. म्हणायच्या, "पत्ता सांगा, दुखणं मी सांगते." बजबजच्या ज्यूट गिरणीत असलेला कुणी आला तर खोकला. साहेब असेल तर साखर नाहीतर रक्तदाब. साहेबाची बायको असेल तर डोकेदुखी, आणि त्यावर बाईंचं औषध ठरलेलं, एखादी नोकरी धरा. मलाही तेच सांगितलं होतं. चार दिवस मी बोलले नाही त्यांच्याशी. मग डोकं दुखायला लागलं आणि गेले निमूट.

आणि पत्ता भिंतीपलीकडचा असेल तर जुलाब. त्याला मात्र बाई हसायच्या नाहीत.

ही भिंत समजून घ्यायला हवी. तेव्हा कलकत्त्यात पाण्याचे नळ दोन तऱ्हेचे होते. एक गाळलेल्या पाण्याचा, प्यायचा. दुसरा हुगळीचं, म्हणजे तिथल्या गंगेचं, गढूळ पाणी जसंच्या तसं आणणारा, रस्ते आणि अंगणं धुवायचा. आमच्या घरात दोन्ही. भिंतीपलीकडच्या झोपड्यांच्या बस्तीत फक्त दुसरा. गाळलेल्या पाण्याचा मोठा पाइप आमच्या बाजूने भिंतीला अगदी खेटून जात होता, पण पलीकडे थेंब नाही. दर उन्हाळ्यात बस्तीतली लेकरं जायची. इकडे आमच्या मुलांना टॉन्सिल्सवर आइस्क्रीम मिळायचं.

माझ्याकडे भांडी घासायला येणारी बाई त्याच बस्तीतली. बंगाल्यांच्या रीतीप्रमाणे तिला सगळे लेकीच्या नावाने पुतुलची मा म्हणायचे. थोरला मुलगा तिचा आदल्या उन्हाळ्यात जुलाबाने गेला होता. उरली ती दोन वर्षांची पुतुल, काडीसारखी. डॉक्टरबाईंनी तिच्या आईला पाणी उकळून पाजायला सांगितलं. पुतुलच्या माने शांतपणे विचारलं, शेगडी एकदाच पेटते दीदी, तिच्यावर भात शिजवू की पाणी? त्या दिवसापासून बाईंनी बस्तीत कुणालाही पाणी उकळायला सांगितलं नाही. त्यांनी एकच ध्यास घेतला. भिंतीला भोक पाडायचं आणि नळ पलीकडे काढायचा. पुढच्या उन्हाळ्याच्या आत.

ते ज्यांच्या हातात होतं ते इंजिनिअरसाहेब आपले मराठीच, आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्षही. माणूस तसा वाईट नव्हता, नाटकात तर फार छान काम करायचा. पण बाईंनी नळाचा विषय काढला की हसून म्हणायचा, "अहो डॉक्टरबाई, त्या लोकांना सवय असते. त्यांची पोटंच वेगळी." बाई गरम व्हायच्या, बंगालीत काहीतरी पुटपुटायच्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्या दारात हजर.

भाद्रपदात मंडळाचा गणपती इंजिनिअरसाहेबांच्याच घरी बसला. साहेबांच्या पत्नी मुलांची शाळा उरकून नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या. हौशी आणि देवभोळ्या. अंगणातल्या नळाला गंगेचं पाणी येतं, हे मोलकरणीकडून कळल्यावर त्यांना गहिवरून आलं. पुण्यात गंगा म्हणजे देव्हाऱ्यातल्या लाखबंद गडूतली. इथे चावी फिरवली की धो धो. त्यांनी घागर भरली, देवाला स्नान घातलं आणि तीर्थ केलं तेही त्याच पाण्याचं. एवढ्यावर भागलं नाही. पुण्याहून आणलेल्या कैरीच्या गराचं पन्हंसुद्धा गंगेचंच.

डॉक्टरबाई दवाखाना आटोपून नेहमीप्रमाणे आरती संपल्यावर आल्या. तोवर आमचं सगळ्यांचं तीर्थ घेऊन झालं होतं, पन्ह्याचे दुसरे पेले चालले होते. बाईंनी तळहात पुढे केला आणि सवयीने विचारलं, पाणी कुठलं? साहेबीण अभिमानाने म्हणाल्या, गंगेचं, अंगणातलं. बाईंनी ते तीर्थ केसांना पुसलं, पन्ह्याचं पातेलं उचललं आणि सगळ्यांसमक्ष मोरीत ओतून दिलं. म्हणाल्या, उद्या दवाखाना लवकर उघडते. सगळे भडकले. नास्तिक बाई, गणपतीसमोर असं वागतात का, हे म्हणण्यात मी पुढे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून आमच्या भक्तीचा जो काय निचरा झाला तो सांगत नाही. बँकेचे मॅनेजर, हिशेब खात्याचे अधिकारी, मंडळाचे चिटणीस, सगळे एका रांगेत. बाई घरोघर मीठसाखरेचं उकळलेलं पाणी घेऊन फिरत होत्या. कुणालाही टोमणा मारला नाही. माझं थोडक्यात निभावलं, म्हणून किटली धरायला मी त्यांच्याबरोबर.

इंजिनिअरसाहेब पार पिळून निघाले होते. पत्नी पायाशी बसून रडत होत्या, म्हणत होत्या, गंगाच होती हो ती. बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, गंगेचं काही चुकलं नाही, माणसं तिच्यात काय काय सोडतात ते चुकलं. मग साहेबांना आधार देऊन उठवलं, चमच्याने पाणी पाजलं. साहेबांनी बारीक आवाजात विचारलं, "काय झालंय हो मला?"

"भिंतीपलीकडे होतं तेच," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. सवय होईल."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. बाई चमच्यामागून चमचा पाणी पाजतच राहिल्या. पेला संपला तेव्हा साहेब म्हणाले, मिस्त्रीला बोलवा. उभं राहायची ताकद नव्हती, म्हणून भिंतीला भोक कुठे पाडायचं ते त्यांनी पडल्या पडल्याच सांगितलं.

दिवाळीच्या आत नळ लागला. पुढचा उन्हाळा पुतुलने काढला. मग त्याच्या पुढचाही. मला इतका आनंद माझ्या मुलाच्या पहिल्या नंबराचाही झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

बाई स्वतःबद्दल म्हणायच्या, माझा पत्ता साहेबांचा, मी साहेबांच्याच दुखण्याने जाणार. संदेशची मिठाई आणि मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, काही सुटलं नाही, आणि दहाएक वर्षांनी एका एप्रिलमध्ये हृदयाने दगा दिला. निदान नेहमीसारखं बरोबर निघालं. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि मग खूप रडू आलं.

मंडळाने शोकसभा घेतली. उकाडा मरणाचा. भाषणांची तयारी जय्यत होती, पाण्याची कुणालाच आठवण राहिली नव्हती. तिसऱ्या वक्त्याचा घसा कोरडा पडला तेव्हा दारातून पुतुलची मा आत आली, कमरेवर भरलेली कळशी घेऊन. मागे पेले घेऊन पुतुल. आता ती आईच्या खांद्याला लागली होती.

माझ्यापर्यंत पेला आला. हात आपोआप उजेडाकडे गेला, आणि तोंडातून निघून गेलं, "पाणी कुठलं?"

पुतुलच्या माने कळशी कमरेवर नीट घेतली. मग म्हणाली, "डॉक्टरदीदींचं."

मी पेला नाकाजवळ न नेता घटाघट पिऊन टाकला आणि दुसरा मागितला.