नंदाच्या लिंबावरचा नीलवंत

रविवारी सकाळी साडेसातला नंदा माझ्या दारात उभी होती. चारकोपहून मुलुंडला आली होती, तेही एक कोश बघायला…

नंदा वीस वर्षं माझी शेजारीण होती. तीन वर्षांपूर्वी आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही पांगलो. मी जवळच भाड्याने राहिले, ती मुलाकडे गेली. त्या घरात ऊन येत नाही, म्हणून तिची लिंबाची कुंडी माझ्या खिडकीत आली.

दीडेक महिन्यापूर्वी एका पानावर पक्ष्याची शीट दिसली. पुसायला गेले तर ती हलली… अळी होती. दोन आठवड्यांत बोटाएवढी हिरवीगार झाली. हात लावला की डोक्यातून लाल शिंगं काढायची आणि उग्र वास सोडायची. निम्मी पानं फस्त.

नंदाला फोन केला. म्हटलं, तुझ्या झाडाची वाट लागली, काढून टाकू का अळी?

"खाऊ दे गं. पानं परत येतील. नीलवंत असेल तो… आपल्या गच्चीवर यायचं बघ ते मोठं फुलपाखरू, काळं-निळं."

मग रोज फोटो, रोज फोन. अळीने स्वतःला धाग्याने फांदीशी बांधून घेतलं, कोश झाला. बिल्डिंग सोडल्यापासून आम्ही एवढं बोललोच नव्हतो. शनिवारी कोश काळपट झाला, आतले पंख दिसायला लागले. "मी येते," एवढंच म्हणाली.

खिडकीपाशी खुर्च्या टाकून बसलो. आठच्या सुमारास कोश उकलला. ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर आलं आणि रिकाम्या कोशाला लटकून राहिलं. पंख हळूहळू उलगडले… काळे, मखमली, मागच्या पंखांवर आकाशी निळा रंग.

पंख वाळायला तास-दोन तास लागतात. तेवढ्यात नंदा म्हणाली, "एक सांगायचं होतं. नव्या बिल्डिंगमधला फ्लॅट आम्ही विकतोय. मुलाला तिकडेच मोठं घर घ्यायचंय."

नव्या प्लॅनमध्ये आमची दारं समोरासमोर यावीत म्हणून मी कमिटीच्या किती मागे लागले होते…

"रागावलीस ना?"

"नाही गं. पण चहा टाकल्यावर आता हाक कुणाला मारू?"

ती रडली. मग मीही.

दहाच्या सुमारास फुलपाखराने दोनदा पंख हलवले आणि ग्रिलमधून बाहेर पडलं. बघता बघता डोंगराच्या दिशेने दिसेनासं झालं. आम्ही बराच वेळ तिकडेच बघत होतो.

नंदा संध्याकाळपर्यंत थांबली. मी केलेलं सुरमईचं कालवण भातावर घालून दोनदा घेतलं, पूर्वीसारखंच.

ही बातमी तिला फोनवरही सांगता आली असती. नाही सांगितली, समोर येऊन बसली. थँक्यू नंदा… तुझी सवय सुटायला मात्र मला खूप दिवस लागणार आहेत.