काळ्या मॅटीवरचं पान

"काळं न्हाई दिसायचं तुला, कोमाद्रे. उगं हट्ट करू नगंस."

"दिसंल न्हाईतर ऱ्हाईल," निकानोरा म्हणाली. "कापड हिकडं आन."

एर्मिलियानं काळी मॅटी टेबलावर पसरली आणि आम्ही सगळ्या बायका भोवती गोळा झालो. एर्मिलिया ही निकानोराच्या पोरीची धर्ममाय, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. त्या नात्यातली गोडी अलीकडं पार पातळ झाली होती.

जत्रेत आमच्या बायकांच्या मंडळाचं निशाण मरियामातेपुढं जातं. त्यावरची वेलबुट्टी फुलीच्या टाक्यानं निकानोरा भरायची. जी भरते तीच निशाण धरून देवळात शिरते, अशी आमच्याकडची चाल. कापड दरसाल पांढरं. यंदा एर्मिलिया म्हणाली, मेणबत्त्यांच्या धुरानं पांढरं कळकट होतं, काळ्यावर लाल-पिवळं उठून दिसतं. खोटं नव्हतं ते. पण फुली घालायची ती कापडाची भोकं मोजून, काळ्या मॅटीत ती दिसत नाहीत, आणि निकानोराची नजर मंदावलीय हे गावातल्या टर्की कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं.

"एक पान भर हितंच, सगळ्यांम्होरं," एर्मिलिया म्हणाली. "मोजणी चुकली तर निशाण माझ्या सुनेचं, लांडीचं. तिचं डोळं घारीवानी हायेत."

"बरं."

निकानोरा टेबलाशी बसलीच नाही. बुटकं स्टूल तिनं दारात ओढलं, अंगातल्या विपिलचा, त्या सैल झग्याचा घोळ वर घेतला, खालचा पांढरा परकर मांडीवर ताणला आणि मॅटी त्यावर टाकली. खांद्याशी टोचलेली सुई काढली. हिरवा दोरा आधीच ओवलेला होता.

"हुन, का, ओश..." आमच्या माया भाषेत ती एक, दोन, तीन पुटपुटत मोजू लागली. सुई खाली, वर. चुलीवरचा घेवडा करपल्याचा वास आला तरी कुणी उठली नाही.

मधेच सुई थांबली. निकानोरानं कापड उलटं केलं, मागच्या अंगावरनं अंगठा फिरवला.

"चुकलं न्हवं?" एर्मिलिया पुढं वाकली.

"एक फुली जास्तीची पडली. उसवायचं न्हाई आसं कुठं म्हनलीस तू?"

तिनं ती फुली उसवली, पुन्हा घातली, पान पुरं केलं. एर्मिलियानं नखानं एकेक फुली मोजली. परत मोजली. बरोबर होती. मग तिनं कापडाची कड उचलली आणि खालचा परकर बघितला. काळ्या मॅटीच्या भोकाभोकांतनं पांढरं डोकावत होतं.

"ही लबाडी हाय."

"कसली लबाडी? तुझ्याबी कमरंला पांढराच हाय की."

बायका खुदखुदल्या. पण दोरा संपला होता. निकानोरानं लाल दोरा काढला. सुई-दोरा तिनं सासूमागं उभ्या लांडीपुढं धरला.

"ओव गं. ह्ये मातर मला जमत न्हाई. सकाळी नातीनं ओवून दिलीती."

लांडीनं सासूकडं बघितलं. एर्मिलियाच्या जिभेवर 'नगं ओवूस' आलं होतं ते आम्हाला कळत होतं. पण ठरलं होतं ते मोजणीचं, ओवण्याचं नव्हे. पोरीनं दोऱ्याचं टोक ओठात ओलं करून एका झटक्यात ओवलं.

"म्हंजे निम्मं निशाण हिचं," एर्मिलिया म्हणाली.

"धरू दे की दांडी एका अंगानं. जडच असती ती. आता सर बाजूला, उजेड अडवलायस."

एर्मिलिया सरकली. निकानोरानं मॅटी परकरावर नीट केली आणि लाल फुलाची पहिली फुली घातली.

"हुन..."