पहिलं ब्रिटिश प्रेसिंग

देवासच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मधुवंती पुराणिकच्या कपाटात रेकॉर्ड्स भरपूर, पण अल्बम एकच. वडिलांनी हौसेनं रागावरून नाव ठेवलं आणि मुलगी हॉस्टेलात इलेक्ट्रिक गिटारच्या नादी लागली ती कायमचीच. हा अल्बम म्हणजे एका सायकेडेलिक रॉक बँडची लंडनमधली अख्खी मैफल, दोन रेकॉर्ड्सवर उतरवलेली. तीच जर्मनीत छापलेली, तीच जपानमध्ये, तीच कलकत्त्याला. प्रत्येक प्रेसिंगचा, म्हणजे छपाईचा, आवाज निराळा, असं ती सांगे. नवरा, पियुष, सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "मला तर बुवा एकसारखंच लागतं."

नव्हतं ते फक्त पहिलं ब्रिटिश प्रेसिंग. मागच्या हिवाळ्यात इंदूरच्या एका रेकॉर्डवाल्याकडून कळलं, की ते धारला उदाजीराव जगदाळ्यांकडे आहे; मात्र म्हातारा कोणाला विकत नाही, दारातूनच परत पाठवतो. मधुवंती तरीही गेली. जाताना आपली कलकत्त्याची प्रत पिशवीत घातली, दोन्ही एकापाठोपाठ ऐकता येतील म्हणून.

उदाजीराव सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. पिशवीतलं ओळखीचं कव्हर दिसलं तसे ते दारातून बाजूला झाले. त्यांची रेकॉर्ड थोरल्या भावानं विलायतेहून आणलेली. भाऊ जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. त्यांनी आधी आपली लावली. आवाज इतका भरीव आणि जवळचा, की मधुवंती खुर्चीत पुढे सरकून बसली. तिसऱ्या बाजूला मात्र एका खोल चऱ्यात सुई अडकली आणि तेच ते वाजू लागलं. उदाजीरावांनी सवयीनं ती उचलून पुढे ठेवली. दादाच्या सामानातून आली तेव्हापासून रेकॉर्ड अशीच आहे, म्हणाले.

मग मधुवंतीनं आपली लावली. ती जागा जवळ आली तसा त्यांचा हात आपोआप सुईकडे गेला. पण रेकॉर्ड पुढे चालत राहिली. गिटार थांबली, ड्रम थांबले आणि एकटा ऑर्गन सावकाश वाजू लागला. त्यांनी हात मागे घेतला तो बाजू संपल्यावर.

"हे यात होतं?"

"होतं, काकासाहेब."

"दादाला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. मग त्यांनी आपली प्रत कव्हरात घालून तिच्यापुढे सरकवली. "ही तुम्ही घेऊन जा. तुमची इथे ठेवा."

याचसाठी ती आली होती, तरी तिचा हात पुढे होईना. कलकत्त्याची प्रत ही तिची पहिलीवहिली रेकॉर्ड. कव्हरावर तिचं लग्नाआधीचं नाव होतं. तिनं सांगून पाहिलं, की घरी जर्मन प्रत आहे, याहून स्वच्छ, ती आणून देते.

"नको. मला हीच ऐकू आली."

तिनं आपली तिथेच ठेवली.

ब्रिटिश प्रेसिंगच्या बाकीच्या तीन बाजू ती हौसेनं वाजवते. तिसरीला जर्मन लावते. अधूनमधून रविवारी धारला जाते. उदाजीराव चहा टाकतात आणि बाकीच्या बाजू सोडून थेट तिसरीच लावतात. परवा रेकॉर्डवाल्याचा फोन आला, भोपाळला एक बिनचऱ्याचं ब्रिटिश प्रेसिंग आलंय, लवकर बघा म्हणून. तिनं सांगितलं, परीक्षा आटोपल्या की बघू.