कुंकू न लावलेली लगड

विनीता खांबेटे लखनौच्या आलमबागेत आली ती नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी. इथल्या बाजारात तिला सगळं मिळालं, एक भाजणी दळून देणारी गिरणी काही मिळाली नाही. चक्कीवाला आधी गहू दळायचा आणि त्यावरच हिची भाजणी ओतायचा. चकल्या मऊ पडायच्या. शहराबाहेर बख्शी का तालाबला हवाई दलाच्या तळावरच्या मराठी घरांना ती दिवाळीचा फराळ विकत असे; मऊ चकली कोण घेणार? तेव्हापासून तिने मनात धरलं होतं, घरघंटी घ्यायची, आणि तीही स्वतःच्या पैशांनी.

"अगं, मी देतो ना घेऊन," नवरा, धनंजय, म्हणे.

"नको. मग चकली कुरकुरीत झाली की चारचौघांत सांगाल, घंटी माझी."

तो हसे, कारण ते खरंच होतं.

फराळाच्या पैशांतून दर धनत्रयोदशीला ती चांदीचं एक नाणं घेई, लक्ष्मी-गणपती कोरलेलं. घरी आणून हळद-कुंकू लावायचं आणि देवघरातल्या डबीत ठेवायचं. अशी अकरा झाली. चांदीचा भाव चढला तशी घरघंटीसाठी नाणी विकायला एक दिवस ती डबी घेऊन सराफाकडे गेली. त्याने नाणी फडक्यावर ओतली आणि एकावरचं कुंकू नखाने खरवडलं.

"भाभीजी, ये तो गलाना पड़ेगा. आग में सब एक है."

विनीता त्या नखाकडे बघत राहिली. लेकीला, अनुष्काला, टायफॉइड झाला तेव्हा याच डबीपुढे ती रात्रभर बसली होती. तिने एकेक नाणं उचलून परत डबीत ठेवलं.

"रहने दीजिए."

घरी धनंजयला आयतंच मिळालं. "आली का देवी परत? तरी सांगत होतो, म्युच्युअल फंडात टाक."

अनुष्काने मोबाइलमधून मान वर केली नाही. "मम्मी, डिजिटल सिल्वर ले लो. दिखेगा ही नहीं तो पूजा किसकी करोगी?"

"चूक चांदीची नाही, माझी आहे," विनीता म्हणाली. "माझी मी निस्तरेन."

पुढच्या धनत्रयोदशीला ती त्याच दुकानात गेली. सराफाने नाण्यांचा ट्रे पुढे सरकवला. तिने तो मागे सारला.

"मूरत वाला नहीं. सादा बार दिखाइए. शुद्धता का ठप्पा हो, और पक्का बिल."

"धनतेरस पे बिना माताजी के, भाभीजी?"

"माताजी घर पर हैं. ग्यारह."

संध्याकाळी पूजेला तिची नणंद वेदिका आली. नाण्यांची पूजा झाली. तेवढ्यात वेदिकेला स्टुलावर ठेवलेली चांदीची लगड दिसली.

"वहिनी, हिला राहिलंच की!" तिने कुंकवात बोट बुडवलं.

विनीताने तिचं मनगट धरलं. "हिला नाही."

"अगं, आजच्या दिवशी? अपशकुन होईल!"

"होऊ दे. ही विकायची आहे. एकदा कुंकू लागलं की माझा हात धजत नाही. मी मला ओळखते."

"आई असती तर तिला काय वाटलं असतं?" धनंजय म्हणाला.

"आईंनी पाटल्या विकूनच तुमची कॉलेजची फी भरली. त्या माझ्याच बाजूने बोलल्या असत्या."

वेदिकेने कुंकवाचं बोट पुसलं. विनीताने लगड वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कपाटात साबणाच्या वड्यांशेजारी ठेवली. तिथे चुकूनही कुणाचे हात जोडले जाणार नव्हते.

मध्ये भाव उतरला. धनंजय रोज चहाच्या वेळी तो मोठ्याने वाचून दाखवू लागला.

"वाचा, वाचा," विनीता म्हणाली. "तुमच्या फंडाचाही वाचा."

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. दिवाळीला तिने दुसरी लगड आणली आणि तीही साबणाशेजारी ठेवली.

त्यापुढच्या दसऱ्याआधी भाव पुन्हा चढला तेव्हा तिने दोन्ही विकल्या. सराफाला खरवडायला काही नव्हतं. त्याने तपासल्या, तोलल्या आणि पैसे दिले. विनीताने ते मोजून पर्समध्ये टाकले.

दसऱ्याला वेदिका आली तेव्हा गॅलरीत नवी घरघंटी उभी होती. वेदिकेने कुंकवाच्या कोयरीला हातच लावला नाही.

"आधी विचारते बाई. हिला लावायचं की नाही?"

विनीताने स्वतःच कुंकवात बोट बुडवलं आणि घंटीच्या कपाळी ठसठशीत टिळा लावला.

"हिला लावायचं," ती म्हणाली. "ही विकायची नाही."

मग तिने देवाचं नाव घेऊन भाजणी ओतली आणि बटण दाबलं.